फुरसुंगीच्या पोराला सिनेमा पेलतो का?

गणेशोत्सवात आमच्या चिखलीतल्या सोसायटीत लहान मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. गेल्या वर्षी परीक्षकाची खुर्ची माझ्या वाट्याला आली. चार शिवाजी महाराज, दोन झाशीच्या राण्या, तीन स्पायडरमॅन आणि एक आयर्नमॅन अशी एकेक स्वारी मंचावरून गेली. त्यातला आयर्नमॅन खरोखरच बघण्यासारखा होता. त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आहेत. त्यांनी पातळ पत्रा कापून, कडा घासून, मुलाला मापात बसेल असा मुखवटा केला होता आणि छातीवर बॅटरीचा निळा दिवा लावला होता. तो दिवा लागताच मंडपात एकच जल्लोष झाला.

सगळ्यांत शेवटी एक आठ वर्षांचा किडकिडीत मुलगा आला. चौकड्यांचा शर्ट, अर्धी चड्डी आणि हाताने धरलेली सायकल. निवेदन करणाऱ्या ताईंनी विचारले, "बाळा, तू कोण झालायस?" मुलाने उत्तर दिले नाही. त्याने जीभ टाळ्याला लावली आणि जोरात आवाज काढला, 'ट्टॉक!' मंडप गप्प. त्याने पुन्हा 'ट्टॉक' केले. ताई म्हणाल्या, "पोस्टमन का रे?" मागून कोणीतरी ओरडले, "अहो, पार्सलवाला असेल!" हशा पिकला. मुलाचे कान लाल झाले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून त्याची आजी उठून म्हणाली, "अहो पोस्टमन काय, फास्टर फेणे आहे तो!" मग चार-पाच पिकल्या डोक्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या मंडपाला काही उलगडा झाला नाही.

पहिले बक्षीस आयर्नमॅनला गेले. गुण मीच दिले होते आणि पत्र्याचे ते काम पाहता ते योग्यच होते. पण कार्यक्रम संपल्यावर जिन्यात तो सायकलवाला भेटला आणि त्याने मला अडवून विचारले, "काका, याचा पिक्चर आहे ना?" म्हटले, "आहे की." "मग तो कोणालाच कसा माहीत नाही?"

त्या मुलाला मी काहीतरी थातूरमातूर सांगून वाटेला लावले. पण प्रश्न काही मनातून जाईना. जो नायक फारसा कोणाला ठाऊक नाही, त्याच्या खांद्यावर स्वतंत्र चित्रपट उभा राहू शकतो का? आणि उभा राहिलाच, तर मग तो नायक आमच्या मंडपापर्यंत का पोचत नाही?

आयर्नमॅनला तरी कोण ओळखत होते?

चित्रपटाच्या धंद्यात एक जुना समज आहे, की नाव चालते. ओळखीचा नायक असला की अर्धी तिकिटे आधीच खपलेली असतात. अमेरिकेत १९७८ साली सुपरमॅन आणि १९८९ साली बॅटमॅन पडद्यावर आले ते या हिशेबानेच. दोघेही तोवर घराघरांत पोचलेले होते.

आयर्नमॅनची गोष्ट मात्र निराळी आहे. चित्रकथांच्या पानांत तो १९६३ साली जन्मला, पण अमेरिकेबाहेर त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. त्याची मालक कंपनी मार्व्हल. १९९६ साली तिने दिवाळखोरी पुकारली होती. स्पायडरमॅनचे चित्रपटहक्क एका स्टुडिओकडे गेले होते, एक्स-मेनचे दुसऱ्याकडे. म्हणजे घरातली चांदीची भांडी गेली होती आणि उरली होती ती पितळेची. २००५ साली या कंपनीने उरलेल्या नायकांपैकी काहींचे चित्रपटहक्क तारण ठेवले, साडेबावन्न कोटी डॉलरचे कर्ज उभे केले आणि स्वतःच चित्रपट काढायचे ठरवले. आपल्याकडे पिठाची गिरणी टाकायला जमीन गहाण ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. २००८ साली पहिला चित्रपट आला तो 'आयर्नमॅन'. त्याने जगभरात अठ्ठावन्न कोटी डॉलरच्या वर धंदा केला. त्या आधी आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये आयर्नमॅन हे नाव उच्चारले असते, तर ऐकणाऱ्याला कपड्यांना इस्त्री करणारा आठवला असता.

तो चित्रपट चालण्यामागे मला एक कारण दिसते. श्रीमंत कारखानदार असलेला हा माणूस शत्रूच्या गुहेत अडकतो आणि हाती आलेल्या भंगारातून, भट्टी पेटवून, हातोडा मारून आपले पहिले चिलखत घडवतो. त्याची ताकद आकाशातून पडलेली नाही. ती त्याने स्वतः घडवली आहे. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्तीनंतर त्यांनी हा चित्रपट नातवाबरोबर टीव्हीवर पाहिला. उडणे, स्फोट, मारामारी यांकडे त्यांचे लक्ष नव्हते. चिलखत अंगावर चढताच ते म्हणाले, "एवढं जाड काम, आणि फिटिंग एका फटक्यात बसलं? मापं कोणी घेतली होती?" चूक काढण्यासाठी का होईना, त्यांना त्या नायकात आपल्या धंद्याचा माणूस भेटला होता. पत्र्याचा मुखवटा करणारे ते चाकणचे वडील मला म्हणूनच समजतात. लेसरच्या तलवारीपेक्षा हातोड्याची भाषा या गावाला कळते.

पुढे २०१४ साली याच कंपनीने 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' काढला. त्यात एक बोलणारे रकून आहे आणि तीनच शब्द बोलणारे एक झाड. ही मंडळी चित्रकथांच्या नियमित वाचकांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. तरी त्या चित्रपटाने सत्त्याहत्तर कोटी डॉलर मिळवले.

आता उलट बाजू. माझ्या वयाच्या मराठी माणसाला कोणता परदेशी चित्रकथा-नायक सगळ्यांत जवळचा, असे विचारले तर तो 'वेताळ' म्हणेल. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने फँटमला वेताळ केले आणि कवटीच्या अंगठीसह आमच्या घरात आणून बसवले. पिंपरीत आम्ही ती पुस्तके एक दिवसाच्या भाड्याने आणत असू आणि भाडे वसूल व्हावे म्हणून चौघे भावंडे एकाच बैठकीत वाचून काढत असू. अशा या वेताळावर १९९६ साली हॉलिवुडने चित्रपट काढला. जवळपास साडेचार कोटी डॉलर खर्चून काढलेल्या त्या चित्रपटाला तिकीटबारीवर दोन कोटीही जमले नाहीत. नाव होते, कीर्ती होती, साठ वर्षांची परंपरा होती. पण चित्रपट तरला नाही.

म्हणजे कीर्ती नसली तरी चित्रपट चालतो आणि असली तरी पडतो. मग अनोळखी नायक घ्या आणि मोकळे व्हा, असे म्हणावे का? तेही खरे नाही. २०२२ सालचा 'मॉर्बियस' आणि २०२४ सालचा 'मॅडम वेब' हे स्पायडरमॅनच्या गोतावळ्यातल्या कमी परिचित पात्रांचे चित्रपट. दोन्ही साफ कोसळले. हक्क हाताशी आहेत, तेव्हा वापरून टाका, अशा घाईने ते काढल्यासारखे वाटतात. त्या माणसांना काय हवे आहे आणि ती कोणासाठी धडपडताहेत, हेच कळत नाही. प्रेक्षक अनोळखी माणसाला घरात घेतो, पण त्याने आपण कोण, कुठले आणि कशासाठी आलो एवढे तरी सांगायला हवे.

शिंपी, यक्षी आणि मुंज्या

अनोळखी माणसाने ओळख कशी करून द्यावी, याचा धडा आपल्याच देशात, केरळात मिळतो. २०२१ च्या डिसेंबरात 'मिन्नल मुरली' हा मल्याळी चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. त्याचा नायक कोणत्याही चित्रकथेत नव्हता. तो एका खेड्यातला शिंपी. त्याला गाव सोडून अमेरिकेला जायचे आहे. अंगावर वीज पडते आणि अचाट शक्ती येते. पण त्याच विजेने गावातल्या दुसऱ्या एका माणसालाही तीच शक्ती मिळते, आणि तो माणूस आयुष्यभर गावाकडून हिणवला गेलेला आहे. एकाच विजेचे दोन माणसांत दोन परिणाम होतात. इतकी साधी, आणि खरे सांगायचे तर इतकी पुराणातली वाटावी अशी मांडणी. मराठी घरांतही मुलांनी तो पाहिला. भाषा कळत नव्हती, पण शिंपी कळला.

त्यानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'लोका' आला. त्याची नायिका केरळच्या लोककथेतल्या कळ्ळियांकाट्टू नीली या यक्षीवर बेतलेली. केरळाबाहेर हे नाव कोणी ऐकले होते? पण त्या मल्याळी चित्रपटाने तीनशे कोटींचा पल्ला गाठला. त्यात मोठा पुरुष तारा नायक म्हणून नव्हता. सगळा भार एका मुलीच्या खांद्यावर होता आणि तिने तो पेलला.

आणि आपल्याकडे? २०२४ सालचा 'मुंज्या' आठवा. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही आपल्या आजीच्या तोंडची गोष्ट. कोकणातल्या त्या भुतावर काढलेल्या चित्रपटाने, एकही बडा तारा नसताना, देशात शंभर कोटींच्या वर कमाई केली. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, मराठी. माती मराठी. चित्रपटाची भाषा मात्र हिंदी. हे दुखणे मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आपल्या घरातली खाती

आता मराठीकडे येऊ. मराठी चित्रपटाने असा प्रयत्न केलाच नाही, ही तक्रार खोटी आहे. प्रयत्न झाले आणि धीटपणे झाले.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू केला. रोजच्या चार चौकटींतला हा मुलगा २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भागही निघाला. चिंटू अर्थातच सुपरहिरो नव्हे. पण मराठी चित्रकथेतले पात्र एक नव्हे तर दोन चित्रपट तोलू शकते, याची नोंद त्याने करून ठेवली. वीस वर्षे तो रोज सकाळी चहाबरोबर घरात येत होता, हेही ध्यानात ठेवू.

२०१५ साली निखिल महाजन यांनी 'बाजी' काढला. मुखवटा, घोडा, अन्यायाविरुद्ध लढणारा नायक आणि त्या वेशामागे श्रेयस तळपदे. मराठीत मुखवट्याचा नायक इतक्या थाटाने कोणी आणला नव्हता. पण बाजीला ना पुस्तक होते, ना मालिका, ना चित्रकथा. चित्रपटगृहातून उतरला तसा तो विस्मरणात गेला. त्याचा दुसरा भाग आला नाही. चित्रपटापूर्वी तो कोणाच्या फळीवर नव्हता आणि चित्रपटानंतरही कोणाच्या फळीवर आला नाही.

आणि मग फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी हा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आणला आणि त्याच्या वीस साहसकथा लिहिल्या. अंगात ताकद नाही, हातात शस्त्र नाही. आहे ती सायकल, तल्लख डोके, नको तिथे नाक खुपसायची खोड आणि तो 'ट्टॉक'. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि त्यात सुमीत राघवन फेणे झाला. २०१७ च्या ऑक्टोबरात चित्रपट आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन, निर्माता रितेश देशमुख. अमेय वाघचा फेणे, समोर गिरीश कुलकर्णींचा थंड डोक्याचा खलनायक, आणि दिलीप प्रभावळकर प्रत्यक्ष भागवतांच्याच भूमिकेत. निर्मात्याला आपल्या लेखकाविषयी आदर आहे हे त्या एका निवडीवरून दिसले. चित्रपट चांगला होता, लोकांनी पाहिला, दाद दिली.

"फेणे सुपरहिरो कसा?" असे कोणी विचारील. खरे आहे, तो उडत नाही. तो चित्रकथेतलाही नव्हे, सचित्र पुस्तकातला आहे. पण मुलाच्या लेखी सुपरहिरो म्हणजे काय? मोठी माणसे घाबरून गप्प बसतात तेव्हा जो पुढे होतो तो. त्या अर्थाने फुरसुंगीचा हा पोरगा त्या पदाला पुरून उरतो. शिवाय त्याच्या शक्तीची नक्कल करता येते. उडता येत नाही, पण सायकल मारता येते.

चित्रपटाविषयी माझी एकच कुरकूर आहे आणि ती जिव्हाळ्याने करतो. पुस्तकातला फेणे शाळकरी आहे. पडद्यावरचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे आणि परीक्षेतल्या गैरव्यवहाराचा माग काढतो. विषय खरा होता, कथा नीट बांधलेली होती. पण पोर मोठे झाले. त्यातही एक हिशेब असणार. मुले स्वतः तिकीट काढत नाहीत, कॉलेजची पोरे काढतात. परिणाम असा झाला, की पुस्तके वाचून वाढलेले आम्ही पन्नाशीचे प्रेक्षक खूश झालो, कॉलेजची मुले खूश झाली आणि ज्याच्या वयाचा फेणे होता तो आठ-दहा वर्षांचा मुलगा मात्र रांगेत मागे राहिला. जिन्यात मला अडवणारा मुलगा त्या वर्षी रांगता होता. आता तो फेण्याच्या वयाचा झाला आहे, पण त्याच्या वयाचा फेणे चित्रपटगृहात नाही.

इतिहासाची सावली

कोणी म्हणेल, मराठी प्रेक्षकाला नायक हवा तो इतिहासातलाच. याला आधार आहे. दिग्पाल लांजेकर यांनी २०१८ साली 'फर्जंद' काढला. पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीपुरता असेल. त्याच्या नावावर चित्रपट उभा राहिला आणि पुढे 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'सुभेदार' अशी मालिकाच झाली. कमी परिचित नायक चित्रपट तोलतो याचा मराठीतला हा सगळ्यांत ठळक पुरावा.

पण इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोंडाजीच्या मागे महाराज उभे आहेत. प्रत्येक मावळा एकाच विश्वातून येतो आणि त्या विश्वाची ओळख मराठी मुलाला बोलायला येण्याआधीच झालेली असते. एका चित्रपटाच्या नायकाने दुसऱ्यात डोकावायचे आणि सगळ्यांनी मिळून एकच मोठी गोष्ट सांगायची, हे तंत्र आता मार्व्हलच्या नावावर खपते. आमच्या पोवाड्यांना ते कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. चाकणच्या संग्रामदुर्गाच्या पडक्या तटाशी उभे राहिले, की १६६० साली शाएस्ताखानाच्या फौजेपुढे दोन महिन्यांच्या आसपास तग धरणारा फिरंगोजी नरसाळा आठवतोच. भोवती कारखान्यांच्या बसगाड्या धावत असतात, तरी आठवतो.

मला इतिहासाचे नायक नकोत असे नाही. पण मुलाला दोन प्रकारचे नायक लागतात. एक, ज्याच्यापुढे मान लवते. दुसरा, ज्याच्या खांद्यावर हात टाकता येतो. पहिला आपल्याकडे उदंड आहे. दुसऱ्याची जागा आपण रिकामी ठेवली आणि ती स्पायडरमॅनने घेतली. क्वीन्सच्या चाळवजा इमारतीत मावशीसह... छे, काकूसह राहणारा, गृहपाठ न झालेला तो पोरगा मुलांना आपला वाटला, यात मुलांची काय चूक?

पैसा आणि भाषा

आता व्यवहाराचे बोलू. पहिला आक्षेप पैशाचा. हॉलिवुडच्या एका चित्रपटाच्या खर्चात मराठीतले शेकडो चित्रपट निघतील, मग आपण कशाला त्या वाटेला जावे? उत्तर असे, की त्या वाटेने जाऊच नये. उडणारा नायक आणि कोसळणारे मनोरे यांत आपण दरिद्रीच दिसणार. मिन्नल मुरलीचे गाव छोटे होते, फेण्याचे पुणे तर आपल्या दारात आहे. आमच्या भागात दिवसाच्या तीन पाळ्या चालतात. पहाटे चिखली-तळवड्याच्या रस्त्याने कामगारांच्या बस निघतात. भोसरीच्या गाळ्यांत एखाद्या शेडमध्ये अख्खे गिअर तयार होतात. इंद्रायणीवर कधी पांढरा फेस तरंगताना दिसतो. एवढे रहस्य, एवढा अन्याय, एवढी हुशार माणसे ज्या गावात आहेत, तिथे साहसकथेसाठी न्यूयॉर्क कशाला बांधायला हवे? आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करणारी एखादी मुलगी रात्रपाळीच्या वडिलांना डबा द्यायला जाते आणि तिला जे दिसू नये ते दिसते, इथून गोष्ट सुरू होऊ शकते. चिलखत तिचे तीच घडवील. मापेही बरोबर घेईल.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो मला अधिक बोचतो. २०१९ साली 'ॲव्हेंजर्स'चा शेवटचा मोठा भाग भारतात आला तेव्हा तो इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. मराठीत नाही. आयर्नमॅनचा तो शेवट आमच्या मुलांनी हिंदीत ऐकला आणि हिंदीतच रडली. 'मुंज्या' आमच्या पिंपळावरचा, पण तोही हिंदीत बोलला. वितरकाचे गणित सोपे असते: मराठी प्रेक्षकाला हिंदी कळते, मग वेगळा खर्च कशाला? त्या गणितात चूक काढता येत नाही. चूक आहे ती आपल्या सवयीत.

आमच्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी लातूरची, बुलढाण्याची, बिहारची, केरळची मुले एकत्र खेळतात. मैदानाची भाषा हिंदी आहे, शाळेची इंग्रजी. मराठी उरली आहे ती आजीशी बोलायला आणि गणपतीच्या आरतीला. अशा वेळी मराठी शिकवावी म्हणून कितीही फलक लावा, मुले तिकडे बघणार नाहीत. पण मैदानात मराठीत आरोळी ठोकणारा एखादा नायक मिळाला, तर ती आरोळी बिहारचा मुलगाही ठोकील. खेळातला नायक कोणती भाषा बोलतो, यावर खेळाची भाषा ठरते. म्हणून हा प्रश्न मला नुसता करमणुकीचा वाटत नाही.

चित्रपट नायकाला तोलत नाही

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. कमी परिचित नायक चित्रपट पेलू शकतो का? माझे उत्तर स्पष्ट 'हो' असे आहे. आयर्नमॅनने पेलला, शिंप्याने पेलला, यक्षीने पेलला, फेण्यानेही पेलला. पण याची उलट बाजू खरी नाही. एकटा चित्रपट नायकाला पेलू शकत नाही. चित्रपट तीन आठवडे असतो. त्यानंतर नायक राहतो कुठे? मुलाच्या दप्तरात, फळीवर, मित्राच्या तोंडी. आयर्नमॅन पडद्यावर आला तेव्हा त्याच्या मागे पंचेचाळीस वर्षांच्या छापील गोष्टींचा साठा होता. चित्रपट पाहून घरी आलेल्या मुलाला पुढची गोष्ट लगेच मिळत होती आणि दोन वर्षांनी पुढचा चित्रपटही मिळाला.

फेण्यापाशीही वीस पुस्तकांचा साठा आहे. कमी पडलो ते आपण. २०१७ सालच्या चित्रपटानंतर किती घरांत ती पुस्तके आली? दुसऱ्याला कशाला विचारू? माझ्या घरातला जुना संच मी रद्दीवाल्याला नव्हता दिला, एवढेच पुण्य माझ्या खात्यावर. तो माळ्यावर होता. नातवंडांच्या हातात तो मी कधी ठेवला नाही. 'मुलं हल्ली वाचत नाहीत' असे म्हणत मी त्यांना मोबाइल देत आलो. निर्मात्याने दुसरा भाग काढला नाही म्हणून बोट दाखवण्याआधी हा माळा आठवतो आणि बोट खाली येते.

निर्मात्यांना दोनच विनंत्या. फेणे पुन्हा आणाल तेव्हा त्याला शाळेत ठेवा. आणि रविवारी सकाळचा एक खेळ मुलांसाठी, मुलांना परवडेल अशा दरात लावा. तिसरी पाळी संपवून आलेला बापही डोळे चोळत मुलाला घेऊन येईल. आमच्या लहानपणी रात्रपाळी करून आलेले वडील आम्हाला असेच पिंपरीच्या 'विशाल'ला घेऊन जात आणि मध्यंतरापर्यंत खुर्चीत झोपत. आम्हाला त्यांची झोप दिसत नसे, पडदा दिसे. प्रकाशकांनी पुस्तके खेळण्यांच्या दुकानात ठेवावीत, नुसती प्रदर्शनात नकोत. बाकीचे काम घरचे आहे.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरचा संच खाली काढला, धूळ झटकली आणि पहिले पुस्तक त्या सायकलवाल्याच्या आजीकडे दिले. परत येताना पार्किंगमध्ये मुलांचा दंगा चालला होता. पत्र्याचा मुखवटा गळ्यात अडकवलेला आयर्नमॅन होता, दोन स्पायडरमॅन होते आणि सगळे आळीपाळीने जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक, ट्टॉक' करत होते. आयर्नमॅनला तो आवाज नीट जमत नव्हता. फेणे त्याला शिकवत होता.

मला पाहताच तो सायकल टाकून धावत आला. "काका, आजीनं पिक्चर दाखवला. दुसरा कधी येणार?"

या वेळीही माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी म्हटले, "तोवर एकोणीस पुस्तकं आहेत."